प्रश्न लिहिला जातो तेव्हा गाव कुठे असतं?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला एक एकर आडसाली ऊस डोळ्यांसमोर आणा. मातीत सेन्सर पुरलाय. तो ओल, तापमान आणि क्षार मोजतो. वरून उपग्रहाचं चित्र येतं. दोन्हींची सांगड घालून शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप येतो, "उद्या सकाळी पाणी द्या." निरोप अचूक आहे. पण पाणी उपसा सिंचन संस्थेचं आणि पाळी यायला अजून बारा दिवस आहेत. विहिरीवरची मोटर चालवावी म्हटलं, तर या आठवड्यात थ्री-फेज लाईट रात्रीची. त्यात रान नदीकाठचं, वर्षानुवर्षं पाटाने पाणी देऊन चोपण, म्हणजे क्षार साठून पाणी न निचरणारं, झालेलं. त्याला पाणी कधी द्यायचं हा प्रश्नच नाही. साठलेलं पाणी बाहेर कसं काढायचं, ही खरी अडचण आहे.

यात सेन्सर चुकलेला नाही, तो बनवणारा इंजिनिअरही चुकलेला नाही. चूक खूप आधी झाली. "उसाला पाणी नेमकं कधी द्यावं?" हा प्रश्न ज्या खोलीत ठरला, तिथे पाळीची वाट बघणारं कुणीच नव्हतं. उत्तरं शोधायला हुशार माणसं लागतात आणि ती आपल्याकडे आहेत. प्रश्न बरोबर ठरायला मात्र ज्यांच्या रानात, घरात आणि अंगावर तंत्रज्ञान येणार आहे ती माणसं लागतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या धोरणात सामान्य नागरिकांचा सहभाग हवा असं म्हणतात, त्याचा गाभा एवढाच आहे.

आत्ताच याबद्दल बोलायचं कारण आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणण्यासाठीचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२९ मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतकरी ओळख क्रमांक निघाले, पीक पाहणी मोबाईलवर आली. सांगली-साताऱ्यात ऊस, द्राक्ष, हळद आणि बेदाणा यांत कोणतं तंत्र येणार, हे पुढच्या चार-पाच वर्षांत बऱ्यापैकी ठरून जाईल.

नागरिकांनी ठरवायचं काय?

धोरण हा शब्द भारदस्त आहे, पण त्याच्या पोटात चार साध्या गोष्टी असतात. सरकारी पैसा कुठल्या संशोधनावर जाणार, कुठल्या तंत्राला परवानगी मिळणार, कोणत्या अटींवर मिळणार, आणि बिघडलं तर नुकसान कुणी सोसायचं. यातली एकही गोष्ट निव्वळ शास्त्राची नाही. सेन्सर किती खोल पुरायचा, हे मृदाशास्त्रज्ञ सांगेल. त्यातून निघणाऱ्या नोंदी साखर कारखान्याला, बँकेला किंवा विमा कंपनीला दाखवायच्या का, हे मृदाशास्त्रज्ञाने ठरवण्याचं काम नव्हे.

"सामान्यांना यातलं काय कळतं?" हा आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिकपणेच येतो. त्याचं उत्तर असं की नागरिकांनी शास्त्रज्ञ व्हावं अशी अपेक्षाच नाही. न्यायाधीशाला हृदयाची शस्त्रक्रिया येत नाही. तरी डॉक्टरांची साक्ष ऐकून, उलटतपासणी झाल्यावर, निष्काळजीपणा झाला की नाही हे तो ठरवतो. माहिती समतोल मिळाली, प्रश्न विचारायला वेळ मिळाला आणि आपापसांत बोलायला जागा मिळाली, तर चौथी शिकलेली बाईसुद्धा अवघड विषयावर विचारपूर्वक मत देते. या तीन गोष्टी न देता "जनतेचं मत" घेतलं, तर मिळतो तो फक्त कल. तो कुठल्याही सर्वेक्षणात मिळतो.

हे कुठे झालंय?

डेन्मार्कच्या तंत्रज्ञान मंडळाने १९८७ पासून सामान्य नागरिकांच्या परिषदा भरवल्या. पहिला विषय होता उद्योग आणि शेतीतलं जनुक तंत्रज्ञान. विषयाशी व्यावसायिक संबंध नसलेले पंधराएक नागरिक निवडायचे, दोन शनिवार-रविवार तयारीचे, मग तज्ज्ञांची जाहीर साक्ष, आणि शेवटी नागरिकांनी स्वतः लिहिलेला अहवाल. तज्ज्ञांना काय विचारायचं हेही नागरिकच ठरवत. पुढे अनेक देशांनी ही पद्धत आपापल्या तऱ्हेने उचलली.

आपल्याला जवळचं उदाहरण आताच्या तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यातलं आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने शेतीसाठी 'व्हिजन २०२०' मांडलं होतं. यंत्रं वाढतील, जनुकबदल पिकं येतील आणि शेतीवर जगणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांवरून ४० वर येईल, असं ते चित्र होतं. जून २००१ मध्ये १९ जणांचं पंचमंडळ बसलं, त्याचं नाव 'प्रजातीर्पू', म्हणजे लोकांचा कौल. पंच बहुतेक लहान आणि सीमांत शेतकरी, त्यांत महिला मोठ्या संख्येने. त्यांच्यापुढे शेतीच्या भविष्याची तीन चित्रं ठेवली. सरकारचं एक, निर्यातीसाठी सेंद्रिय शेतीचं एक आणि गावाच्या स्वावलंबनाचं एक. एकच निवडा, अशी सक्ती नव्हती. पंचांनी तिन्हींतून हवं ते घेऊन आपलं चौथं चित्र तयार केलं, जनुकबदल पिकांना नकार दिला आणि एक प्रश्न लावून धरला. शेतीतून बाहेर पडणारी माणसं जाणार कुठे?

त्या कौलावर पुढे मोठा वाद झाला. आंध्रला ब्रिटिश सरकारची मदत होती, त्यामुळे वाद तिथपर्यंत पोचला. पंच खरोखर प्रातिनिधिक होते का, साक्षीदार आणि चित्रफिती समतोल होत्या का, असे आक्षेप आले. हे आक्षेप लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण कौल कुणाला तरी नको असतो आणि तो माणूस पहिलं बोट निवडीवर ठेवतो. म्हणून निवडीची पद्धत आधीच जाहीर आणि बिनतोड असावी लागते. खाली त्यावर जास्त लिहिलं आहे ते याचसाठी.

बीटी वांग्याच्या, म्हणजे किडीला रोखणारं जनुक घातलेल्या वांग्याच्या, वेळी दुसरी तऱ्हा दिसली. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी समितीने मान्यता दिली. मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सल्लामसलत घेतली, त्यात नागपूरही होतं. सुमारे ८,००० लोक आले. ९ फेब्रुवारीला स्थगिती जाहीर झाली आणि कारणांसह लेखी निर्णय प्रसिद्ध झाला. लेखी कारणं ही त्या प्रक्रियेतली फार मोलाची गोष्ट. उणीव अशी की भरलेल्या सभागृहात माणूस आपली बाजू ओरडून सांगतो, दुसऱ्याची ऐकून मत बदलायला तिथे उसंत नसते. जुलै २०२४ मध्ये जनुकबदल मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल विभागला गेला. पण जनुकबदल पिकांचं राष्ट्रीय धोरण राज्यं, शेतकरी आणि सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून ठरवावं, यावर दोघांचं एकमत होतं.

आणि सांगली जिल्ह्याला तर स्वतःचा अनुभव आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळाचा प्रश्नच बदलला. दुष्काळी कामं किती निघतील हे बाजूला ठेवून येरळा नदीचं पाणी गेलं कुठे, वाळू कुणाची आणि पाण्यावर हक्क कुणाचा, असं लोक विचारू लागले. अभियंते आणि लोकविज्ञान चळवळीतली माणसं सोबत घेतली. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण उभारलं, मर्यादित वाळू विकून त्याला पैसा उभा केला आणि पाण्याचं वाटप समान ठेवलं. भूमिहीनांनाही त्यात वाटा. धरण कसं बांधायचं हे अभियंत्यांनी सांगितलं. पाणी कुणाला आणि कुठल्या पिकाला, हे लोकांनी.

आज उघडी असलेली दारं

नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. काही दारं आहेत, फक्त ती वापरात नाहीत.

सर्वांत जवळचं दार 'आत्मा'चं, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचं. तिच्या रचनेत तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तिन्ही पातळ्यांवर शेतकरी सल्लागार समित्या आहेत. कृषी विज्ञान केंद्रांची वैज्ञानिक सल्लागार समिती असते, तिच्यातही शेतकरी आणि महिला शेतकरी सदस्य असतात. पुढच्या वर्षी कुठल्या वाणाच्या, कुठल्या अवजाराच्या चाचण्या घ्यायच्या, याची चर्चा तिथे होते. ही केंद्रं सातारा जिल्ह्यासाठी बोरगाव आणि कालवडे इथे, सांगलीसाठी कांचनपूरला आहेत. आपल्या भागातून त्या समितीवर कोण आहे हे आधी विचारून घ्या. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

दुसरं दार ग्रामसभेचं. तिचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी ते. अटल भूजल योजनेत आपले दोन्ही जिल्हे आले, तेव्हा गावांनी पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. ज्या गावात हे काम मनापासून झालं, तिथे नोंदी आहेत. धोरणावर बोलताना स्वतः मोजलेला आकडा हातात असला की समोरचा अधिकारी वेगळ्या तऱ्हेने ऐकतो.

प्रकल्पांसाठी जनसुनावणी असते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ३० दिवसांची जाहीर सूचना, मराठीतला सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीचं अध्यक्षपद, चित्रीकरण, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणं, हे सगळं त्यात आहे. कोरमची अट नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी 'झाली'. इतिवृत्त वाचून होईपर्यंत जागा सोडू नका. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच सांगा. नंतर तो आणणं फार अवघड जातं.

मसुद्यांवर हरकती घेता येतात. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, त्यात महाबळेश्वर, जावळी, पाटण भागातली गावं येतात. हरकतींना ६० दिवस होते. देशाच्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचा २०२० चा मसुदा ३१ डिसेंबरला आला आणि मुदत होती २५ जानेवारी २०२१. इतक्या दिवसांत गावात मसुदा वाचून चर्चा व्हायची, तर तयारी आधीपासून हवी. एका मजकुराच्या छापील पत्रावर शंभर सह्या घेऊन पाठवल्या, तर छाननीत ती बहुधा एकच हरकत धरली जाते. पाच माणसांनी पाच वेगळी पत्रं लिहावीत. मसुद्याचा क्रमांक आणि तारीख, कुठल्या कलमावर हरकत, गावात त्याचा काय परिणाम होईल, आणि त्याऐवजी कुठले शब्द हवेत. शेवटची ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि उपयोग तिचाच सर्वांत जास्त होतो.

ही सगळी दारं एका ठिकाणी कमी पडतात. प्रश्न ठरून झाल्यावर ती उघडतात. त्याच्या आधी शिरायचं असेल तर नागरिक पंचमंडळ बसवावं लागतं. एका तालुक्यात ते चार दिवसांत, साधारण दीड लाख रुपयांत होऊ शकतं.

पंचमंडळ कसं बसवायचं?

सुरुवात सभागृहाच्या बुकिंगने करू नका, एका पत्राने करा. निर्णय ज्याच्या हातात आहे त्या कार्यालयाकडून किंवा संस्थेकडून लेखी घ्या की पंचांच्या प्रत्येक शिफारशीला ६० दिवसांत 'स्वीकारली', 'अंशतः स्वीकारली' किंवा 'नाकारली' असं कारणासह उत्तर मिळेल. शिफारस मान्य करायचं वचन नको, उत्तराचं हवं. हे पत्र मिळत नसेल तर पंचमंडळ बसवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चोवीस माणसांचे चार दिवस घेऊन हाती काहीच लागलं नाही, तर पुढच्या वेळी त्या गावात कुणी दार उघडणार नाही. फ्रान्समध्ये २०१९-२० साली हवामानावर १५० नागरिक बसले आणि त्यांनी १४९ प्रस्ताव दिले. प्रस्ताव जसेच्या तसे पुढे नेऊ, असं राष्ट्राध्यक्षांचं वचन होतं. प्रत्यक्षात बरेच पातळ झाले, आणि शेवटी त्याच नागरिकांनी सरकारच्या प्रतिसादाला दहापैकी चारपेक्षाही कमी गुण दिले. फार मोठं वचन आणि अजिबात वचन नसणं, दोन्ही सारखंच घातक.

मग प्रश्न. "ऊसशेतीत एआय आणावं का?" हा वाईट प्रश्न आहे. उत्तर हो-नाहीत येतं आणि दोन्ही निरुपयोगी. "एआयचा जास्तीत जास्त लाभ कसा घेता येईल?" हा त्याहून वाईट, कारण त्यात निर्णय आधीच घेतलेला आहे. हा प्रश्न घ्या: "येत्या पाच वर्षांत आपल्या तालुक्यातल्या पाणी आणि जमिनीच्या अडचणींसाठी सरकारी पैसा कुठल्या तंत्रावर आधी खर्च व्हावा, आणि त्यातून जमणाऱ्या नोंदींवर हक्क कुणाचा?" यात सेन्सर बसतो. क्षारपड रानाखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा काढणंही बसतं. पाळीचं वेळापत्रक मोबाईलवर जाहीर करण्यासारखा साधा उपायही बसतो. प्रश्न पक्का करण्याआधी तो वेगवेगळ्या वस्तीतल्या आठ-दहा जणांना वाचून दाखवा आणि त्यांना त्यातून काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका.

पाच-सात जणांचा एक देखरेख गट करा. त्यात तंत्रज्ञानाच्या बाजूचा एक आणि शंका असलेला एक हवाच. माहितीपुस्तिका आणि तज्ज्ञांची यादी या गटाने सही करून मंजूर करायची.

आता चिठ्ठी. पंच म्हटलं की गावातली चार वडीलधारी पुरुषमंडळी आठवतात, तसं इथे नाही. तालुक्यातल्या गावांचे तीन गट पाडा: नदीकाठची, उपसा योजनेखालची आणि माळाची. प्रत्येक गटातून चार गावं चिठ्ठीने, एकूण बारा. प्रत्येक गावाच्या मतदार यादीतून २० नावं. समजा यादीत १,१४० मतदार आहेत. १,१४० भागिले २० म्हणजे ५७. एक ते सत्तावन्नमधला आकडा शाळेतल्या एखाद्या पोरीला सर्वांसमोर उचलायला लावा. २३ निघाला तर २३ वा मतदार, मग ८० वा, मग १३७ वा, असं शेवटपर्यंत. हे चावडीवर करा, दुपारी नको, संध्याकाळी करा, म्हणजे बघणारे असतील.

बारा गावांची २४० नावं झाली. आता प्रत्येक घरी जायचं. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. चिठ्ठीत सून निघालेली असते आणि दारात सासरे किंवा नवरा म्हणतो, "तिला काय कळतंय, मी येतो की." माणूस भला असतो, उत्साही असतो, चहाही होतो, आणि कार्यकर्ता त्याचं नाव लिहून घेतो. अशा पाच-सहा बदल्या झाल्या की पंचमंडळ पुन्हा नेहमीच्याच माणसांचं होतं. म्हणून बदली माणूस नाही, हा नियम पहिल्या भेटीतच सांगा आणि बाईंशी बोलायला बाई कार्यकर्तीच पाठवा. आशाताई किंवा बचत गटातली ओळखीची बाई सोबत असली की बोलणं मोकळं होतं. 'नाही' म्हणणाऱ्याला का नाही तेही विचारून लिहा. रोज बुडतो, जनावरं आहेत, लहान मूल आहे. ही कारणं म्हणजे तुमच्या अंदाजपत्रकाची यादी आहे.

तयार झालेल्यांतून पुन्हा चिठ्ठीने २४ पंच आणि चार राखीव. बारा महिला, बारा पुरुष. भूमिहीन, अडीच एकराच्या आतले आणि त्याहून जास्त जमिनीचे, यांचं प्रमाण तालुक्यात जसं आहे तसं. पण मतदार यादीत नसलेली माणसंही आहेत. फडात उतरणारे ऊसतोड मजूर बहुतेक बाहेरच्या जिल्ह्यांतले. विषय ऊसतोडणी यंत्राचा असेल आणि ते नसतील, तर ज्यांचं काम जाणार तेच गैरहजर. त्यांच्यासाठी दोन-तीन जागा वेगळ्या ठेवून टोळ्यांमधून चिठ्ठी काढावी लागते, आणि मग पंचमंडळ गळीत हंगामातच बसवावं लागतं. एरवी नोव्हेंबर ते मार्च टाळा, द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरची छाटणीही टाळा. गणपती उठल्यावरचे दोन आठवडे सोयीचे.

खर्चाचा ढोबळ हिशोब असा. मानधन रोज ६०० प्रमाणे २४ जणांचे चार दिवस, ५७,६००. प्रवास रोज १५० प्रमाणे १४,४००. चाळीस माणसांचं जेवण-चहा, डोई २०० रुपये, ३२,०००. चर्चा चालवणारे पाच संवादक पाच दिवस, रोज १,५००, ३७,५००. साठ पुस्तिका, ८० रुपयांची एक, ४,८००. बेरीज १,४६,३००. शाळेची इमारत मिळाली तर भाडं वाचतं. मानधनाला काट मारू नका, ती मारली की मजुरीवर जगणारे गळतात आणि पेन्शनवाले उरतात.

चार दिवस कसे घालवायचे?

दोन दिवस, मग दोन आठवड्यांचं अंतर, मग दोन दिवस. मधल्या काळात पंच घरी, पारावर, डेअरीवर बोलतात आणि परत येताना नवे प्रश्न आणतात. वेळ साडेदहा ते चार. सकाळ-संध्याकाळ धारा असतात, हे विसरून नऊची वेळ ठेवली की बायका निम्म्या होतात.

स्टेज नको. तज्ज्ञ खुर्चीवर आणि पंच सतरंजीवर असतील तर पहिला प्रश्न "साहेब, आम्हाला काय मिळणार?" असाच येतो. सगळे एकाच उंचीवर, गोलात. हार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन हे सगळं शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासाला ठेवा. सुरुवातीला ठेवलं तर पहिला तास त्यात जातो आणि बोलायचा मान कुणाचा हेही त्यात ठरून जातं.

एका गोलात सहा जण, एक संवादक, एक टिपणं घेणारा. पहिल्या सत्रात बायकांचे गोल वेगळे ठेवा, दुपारनंतर मिसळा. संवादकाने मत द्यायचं नाही, कुणी किती बोललं यावर लक्ष ठेवायचं. प्रत्येकाकडे एक लाल कार्ड. शब्द कळला नाही की कार्ड वर, आणि बोलणाऱ्याने तिथेच थांबून सोपं करून सांगायचं.

पुस्तिका सोळा पानांच्या वर नको, अक्षर मोठं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तीच मोबाईलवर आवाजात. तज्ज्ञ पाच पुरेत: मृदाशास्त्रज्ञ, सेन्सर विकणाऱ्या कंपनीचा अभियंता, उपसा संस्थेचा सचिव, ते तंत्र वापरून पाहिलेला शेतकरी आणि माहितीच्या कायद्याचा जाणकार. पंधरा मिनिटं बोलणं, चाळीस मिनिटं प्रश्न. आपल्याला पगार किंवा निधी कोण देतं, हे प्रत्येकाने सुरुवातीला सांगायचं.

कायद्याचा जाणकार का, ते एका छोट्या प्रसंगावरून दिसेल. सुविधा केंद्रातला मुलगा म्हणतो, "काका, ओटीपी सांगा." काका सांगतात. त्या चार-सहा आकड्यांत संमती दिली गेली, पण कशाला, हे काकांना ठाऊक नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि समजून दिलेली हवी. सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय हवा. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. हे ऐकल्यावर पंच विचारतात ते प्रश्न तज्ज्ञांच्या यादीत सहसा नसतात. सातबारा वडिलांच्या नावावर, रान कसतो मुलगा, तर संमती कुणाची? खंडाने केलेल्या रानाची नोंद कुणाच्या नावावर पडणार?

तिसऱ्या दिवशी लिहायला सुरुवात. "शेतकऱ्यांना नव्या तंत्रज्ञानाचा लाभ मिळावा" ही शिफारस नव्हे, कुठलंही कार्यालय ती आनंदाने स्वीकारेल आणि काहीही बदलणार नाही. शिफारशीत कुणी, काय, कधीपर्यंत आणि कशातून, एवढं हवं. उदाहरणार्थ: "माती परीक्षणात क्षार मर्यादेपेक्षा जास्त निघालेल्या गटांत सेन्सरच्या अनुदानाआधी निचऱ्याच्या कामाला निधी द्यावा, आणि अशा गटांची यादी कृषी विभागाने मार्चअखेर ग्रामपंचायतीत लावावी." मजकूर पंचांच्या शब्दांत राहू द्या. संवादकाला तो कागद 'शुद्ध' करायचा मोह होतो. शासकीय मराठीत गेला की पंचांनाच तो ओळखू येत नाही.

प्रत्येक शिफारशीपुढे किती जण बाजूने ते लिहा. २४ पैकी १७ बाजूने असतील तर उरलेल्या सातांचं म्हणणंही त्याच पानावर. एकमताचा हट्ट धरला तर शेवटच्या तासात बोलके लोक गप्प बसणाऱ्यांना ओढून नेतात, आणि वेगळं मत असलेली भूमिहीन बाई सर्वांत आधी मान डोलावते.

साठावा दिवस

अहवाल देतानाच पुढची तारीख ठरवा आणि पंचांच्या वहीत लिहून द्या. साठ दिवसांनी त्याच शाळेत, त्याच गोलात बसायचं. कार्यालयाचा अधिकारी चार भरलेले आणि एक रिकामा अशा पाच रकान्यांचा तक्ता घेऊन येतो: शिफारस क्रमांक, निर्णय, कारण, आणि कोण कधीपर्यंत करणार. तो ओळ न् ओळ वाचतो. नाकारलेल्या प्रत्येक शिफारशीवर पंचांना दोन प्रश्न विचारता येतात. "निधी उपलब्ध नाही" हे कारण असेल तर कुठल्या लेखाशीर्षाखाली मागितला होता, हे विचारायचं. "अभ्यास सुरू आहे" असेल तर कुणाचा आणि कधी संपणार, हे. उत्तरं तक्त्याच्या पाचव्या रकान्यात जागच्या जागी लिहायची आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. तक्त्याची एक प्रत बाराही ग्रामपंचायतींच्या फलकावर, एक आत्माच्या तालुका समितीकडे, एक कृषी विज्ञान केंद्राच्या पुढच्या सल्लागार बैठकीसाठी. ज्या शिफारशीपुढे मार्चची तारीख पडली आहे, ती एप्रिलमध्ये कोण विचारणार, त्या पंचाचं नाव त्याच दिवशी ठरवून ठेवायचं.